परदेशातल्या ग्रुप टूरवर वेशभूषा पार्टी आणि सांघिक शोधखेळ : कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

डीलर टूर असो, भिशीचा ग्रुप असो की दहावीच्या बॅचचे स्नेहसंमेलन, बँकॉक-पटायाच्या कार्यक्रमपत्रिकेत एका रात्रीसमोर 'गाला डिनर' असे छापलेले असते. टूरवाल्याच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच : दोन-अडीच तास हॉल, डीजे, स्टार्टर आणि जेवण. त्या वेळात करायचे काय, हे ग्रुपने ठरवायचे असते. ते इथे ठरवले नाही तर तिथे दोन भाषणे होतात, चार जण नाचतात, उरलेले मोबाइल बघत बसतात.

पहिल्यांदाच ही जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी ही मांडणी आहे. उदाहरणादाखल ४० माणसांचा ग्रुप, चार रात्री-पाच दिवस आणि थायलंड धरले आहे. मूळ कल्पना साधी आहे : सकाळी शहरात सांघिक शोधखेळ, संध्याकाळी वेशभूषा, आणि दोन्हींचे गुण एकाच वहीत. सकाळी खेळात विकत घेतलेली एखादी वस्तू संध्याकाळच्या वेशात दिसलीच पाहिजे, असा नियम ठेवला की दोन कार्यक्रम सुटे राहत नाहीत आणि सकाळी मागे पडलेल्या संघालाही संध्याकाळपर्यंत खुमखुमी राहते.

आधी दिवस पक्का करा

कोल्हापूरहून मुंबई गाठायलाच रात्र जाते. त्यानंतर विमानतळावर तीन तास, मुंबई-बँकॉक चार-साडेचार तास, आणि सुवर्णभूमी विमानतळावरून पटायाला जायचे असेल तर आणखी दोन तास बस. घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे असते. म्हणजे पहिल्या संध्याकाळी पार्टी ठेवली तर अर्धा ग्रुप खोलीत घोरत असतो. दुसऱ्या दिवशी बहुधा बेटावरची सफर असते. उन्हाने आणि समुद्राच्या पाण्याने माणसे गळून येतात, चेहरे भाजलेले असतात, त्यावर रंग लावता येत नाही.

चौथा दिवस योग्य. मात्र पाचव्या दिवशी परतीचे विमान पहाटेचे असेल तर तिसरी रात्र घ्या. रात्री बारापर्यंत नाचून पहाटे तीनला बॅगा भरणे जमत नाही, आणि भाड्याने आणलेले वेश हॉटेलातच राहतात.

दिवस ठरला की टूरवाल्याकडून या गोष्टी लेखी घ्या : हॉल किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, संगीत किती वाजता बंद होते, माइक किती, स्टेज आहे की नुसता लाकडी डान्स फ्लोअर, कपडे बदलायला शेजारी खोली आहे का, आणि कार्पेट किंवा टॉवेल खराब झाल्यास हॉटेल किती दंड लावते. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. चमकी आणि कागदी फटाका या दोन गोष्टींवरून सर्वाधिक वाद होतात. कार्पेटात रुतलेली चमकी निघत नाही, म्हणून चमकी न्यायचीच नाही. अगरबत्ती, धूप, थंड अनार हेही नको. छतावर धुराचे सेन्सर असतात.

थीम : बॅगेत मावेल ती

नवखे लोक थीम निवडताना आपण काय दिसू याचा विचार करतात. आधी बॅगेचे काय होईल ते पाहा. प्रत्येकाच्या वेशाचे वजन दागिने-पादत्राणांसह सव्वा किलोच्या आत हवे आणि घडी सपाट बसायला हवी. उंच टोप, पंख, थर्मोकोलचे मुकुट, घेरदार सांगाडे हे सगळे या एका निकषावर बाद होते.

कोल्हापूरकरांना सहज जमणारी आणि आम्ही पहिल्या नंबरावर ठेवतो ती थीम म्हणजे मूकपट. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच, आणि प्रभातही १९२९ साली कोल्हापुरातच सुरू झाली, नंतर पुण्याला गेली. तेव्हा या वेशावर आपला हक्क आहे असे म्हणायला हरकत नाही. लागते काय? पुरुषांना पांढरा सदरा किंवा शर्ट, काळी पँट, काळी टोपी किंवा उपरणे. बायकांना काळ्या-पांढऱ्या रंगातली कुठलीही साडी. चेहऱ्याला पावडर, डोळ्यांत ठसठशीत काजळ. कपडे घरातच असतात, वजन किलोभरही होत नाही. शिवाय मूकपट असल्याने स्टेजवर कुणाला बोलायचे नसते. माइक खराब, भाषणाची भीती, संवाद विसरणे हे तिन्ही प्रश्न मिटतात. संघाने तीन मिनिटांचा मूक प्रसंग करायचा आणि मधे एकाने काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या खडूने लिहिलेली पाटी दाखवायची. चार पाट्या पुरतात. खडूने आयत्या वेळी पाटी बदलता येते, हा त्यातला मोठा फायदा.

दुसरी चांगली थीम 'आपल्या गावचा बाजार' : गुऱ्हाळावरचा गुळव्या, गंगावेशीतला दूधकट्टा, मिसळवाला, चप्पल लाइनमधला कारागीर, रिक्षावाला, गुजरीतले सराफ. यात प्रत्येक संघाने एक धंदा उचलायचा. पैलवानही चालतो, पण जर्सी, धोतर आणि फोमच्या गदेसह. हॉटेलच्या हॉलमध्ये लांघ (लंगोट) घालून उतरणे मॅनेजरला पटत नाही.

आता काय टाळायचे ते. हे वाचून सोडू नका, व्हिडिओ पाच मिनिटांत गावी पोचतात.

देव, संत, छत्रपती, शाहू महाराज यांचे वेश जिथे दारूचा काउंटर आहे तिथे नकोत. इथे शाळेच्या गॅदरिंगला शोभणारी गोष्ट तिथल्या पार्श्वभूमीवर वेगळीच दिसते. थायलंडमध्ये बुद्धाची मूर्ती, भिक्खूंची भगवी चीवरे आणि राजघराणे यांची नक्कल अजिबात नको. राजाचा अवमान हा तिथे तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि 'गंमत केली' हे उत्तर चालत नाही. पोलिसांचे व लष्कराचे गणवेश, खरे असोत वा नकली, घरी ठेवा. कातडीचा रंग बदलून दुसऱ्या देशाच्या माणसाची नक्कल करणेही.

आणखी एक आपल्या पुरती सूचना. संघांना पेठांची किंवा फुटबॉल तालमींची नावे देऊ नका, त्यांच्या जर्सीचे रंगही वापरू नका. शाहू स्टेडियमवरचे भांडण बँकॉकच्या चाओ फ्राया नदीकाठी नेण्यात काही अर्थ नाही. संघांना झाडांची, पदार्थांची, नद्यांची नावे द्या. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि गुप्त सरस्वती या पंचगंगेच्या पाच नद्या, म्हणजे पाच संघांची नावे आयतीच मिळाली.

वेश जमवणे

ड्रेपरीवाल्यांकडून भाड्याने घ्यायचे असेल तर दोन अडचणी आहेत. भाडे दिवसावर असते, त्यामुळे दोन तासांच्या पार्टीसाठी आठ दिवसांचे भाडे भरावे लागते. आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग चालू असतात, तेव्हा बरा माल शिल्लक नसतो. परदेशी नेणार हे आधीच सांगा, काही जण देत नाहीत, काही अनामत वाढवतात. आमचे मत असे की भाड्याने फक्त अवघड एक-दोन वस्तू घ्याव्यात. उरलेले घरचे किंवा शिवून घेतलेले.

फेटा बांधलेला नेऊ नका. बॅगेत तो चेपतो आणि एकदा चेपला की पुन्हा उभा राहत नाही. कापडच न्या आणि प्रत्येक संघातल्या दोघांना बांधायला शिकवा. चार-पाच वेळा हात फिरला की जमते. तुरा आणि शेव आधी ठरवून त्या जागी कापडावर खडूची खूण करून ठेवली तर नवख्याचाही फेटा सुटत नाही. नऊवारी न्यायची असेल तर शिवलेली न्या, सव्वाआठ मीटरची साडी नेसवायला प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर दहा बायकांना तीन तासांहून जास्त लागतात, आणि नेसवणाऱ्या मावशी एकच असतात.

दागिने इमिटेशनचेच. साज, ठुशी, नथ सगळे महाद्वार रोडला मिळते. खरे सोने अंगावर घालून जाणाऱ्याने निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घेतला नाही, तर येताना 'हे इथूनच नेले होते' हे सिद्ध करायची वेळ येते. एका रात्रीसाठी हा व्याप कशाला.

कोल्हापुरी चप्पल वेशाला हवीच, पण नवी नेऊ नका. नवी करकरीत चप्पल पायाला लागते आणि गुळगुळीत फरशीवर, विशेषतः पूलच्या बाजूला, घसरते. पंधरा दिवस घरी वापरून, चामड्याला तेल लावून मऊ केलेली न्या. शोधखेळात मात्र कुणीही ती घालू नये; तिथे बूट किंवा पट्ट्यांचे सँडल.

संघाची ओळख म्हणून गळ्यात एकाच रंगाचा रुमाल पुरे. इचलकरंजीच्या साध्या सुती कापडाचा मीटरभर तुकडा घेतला तर त्यात अर्ध्या मीटरच्या बाजूचे चार चौरस निघतात. आठ जणांच्या संघाला दोन मीटर, पाच संघांना पाच रंगांत दहा मीटर. कडा शिवून घ्या, नाहीतर दोन तासांत दोरे सुटतात.

विमानात काय अडते

मुंबईपर्यंत बसने जाणाऱ्याला वाटते की सामान कितीही चालते, कारण ट्रॅव्हल्सच्या डिकीत वजन कुणी करत नाही. मुंबईच्या काउंटरवर करतात. कोल्हापूरहून मुंबईला विमानाने जाणार असाल आणि ते तिकीट वेगळे काढले असेल, तर देशांतर्गत मर्यादा लागू होते, म्हणजे बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. परदेशी विमानाची मर्यादा जास्त असली तरी पहिल्याच काउंटरवर जादा पैसे भरावे लागतात. घरातच वजनकाट्यावर बॅग करा, आणि सामायिक सामान एका बॅगेत न भरता दहा जणांत वाटा. एक बॅग हरवली तर एकच संघ अडचणीत येतो, सगळा कार्यक्रम नाही.

नकली तलवार, दांडपट्टा, खेळण्यातले पिस्तूल हातातल्या सामानात जप्त होते. चेक-इनमध्येही बॅग उघडून तपासण्यात वेळ जातो. मर्दानी खेळ दाखवायचाच असेल तर पाइपच्या फोमचे हत्यार करा, तेही शक्यतो तिथे जोडायचे. लेझीम चालते, पण चेक-इनमध्ये. सेफ्टी पिना, कात्री, ग्लू गन याच बॅगेत.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या याच्या बरोबर उलट : फक्त हातातल्या सामानात. मर्यादा १०० वॅट-अवर, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. २०,००० ची घेतली की प्रश्न येत नाही. वेशाला एलईडी माळ लावणार असाल तर तिचे सेलही काढून हातातच ठेवा.

स्प्रे पेंट, थिनर, रॉकेलवर चालणारे काहीही बंद. मिशा चिकटवायचा स्पिरिट गम हा अल्कोहोलवाला, पेट घेणारा असतो, तोही न्यायचा नाही. हातातल्या सामानात क्रीम, जेल, द्रव १०० मिलीपर्यंतच्या बाटलीत.

सत्कारासाठी शाल-श्रीफळ न्यायचा बेत असेल तर श्रीफळ वगळा. सुके खोबरे भारतात २०२२ पासून चेक-इन सामानात चालत नाही, त्यात तेल जास्त असल्याने ते पेट घेऊ शकते म्हणून. अख्खा नारळही काउंटरवर वाद घालायला लावतो. शाल आणि फेटा पुरे.

कागदपत्रांत एक नवी गोष्ट : १ मे २०२५ पासून थायलंडला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावे लागते. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे नकली किंवा दलालांची असतात. चाळीस जणांचे फॉर्म शेवटच्या रात्री भरत बसू नका. पासपोर्टचे फोटो आधी गोळा करून दोघांना वीस-वीस वाटून द्या. आणि ई-सिगारेट नेऊ नका, तिथे तिच्यावर बंदी आहे.

चेहरा आणि मिशा

पोस्टर कलर, ॲक्रिलिक, रंगपंचमीचा रंग चेहऱ्याला लावायचा नसतो. तो त्वचेसाठी बनवलेला नाही आणि घामाने डोळ्यांत उतरतो. पाण्यात विरघळणारा फेस पेंट घ्या. निघण्याच्या आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून चोवीस तास ठेवा. खाज आली तर त्या माणसासाठी नुसते काजळ. ४० जणांना पांढरा ३० ग्रॅमचे दोन डबे आणि काळा एक डबा पुरतो, कारण संपूर्ण चेहरा कुणी रंगवत नाही आणि रंगवू नये. एसी हॉलमध्येही दीड तासाने पूर्ण रंगाला भेगा पडतात.

नकली मिशी विग टेपने चिकटवा, ओठाच्या वरची जागा आधी कोरडी आणि तेलविरहित पुसून घ्या. तरी जेवताना ती आमटीत पडतेच. काजळाने काढलेली मिशी जास्त टिकते आणि मूकपटाला तीच शोभते.

हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला चेहरा पुसू नका, डाग राहिला की बिल लागते. प्रत्येकाने घरून एक जुना नॅपकिन आणि थोडे खोबरेल तेल छोट्या बाटलीत आणायचे. तेलाने रंग निघतो, मग साबण. इस्त्री किंवा केसांचे यंत्र नेणार असाल तर तिथला दाब भारतासारखाच आहे, पण आपली जाड तीन पिनांची प्लग बऱ्याच ठिकाणी बसत नाही. संघामागे एक युनिव्हर्सल ॲडॅप्टर ठेवा.

संघ कसे पाडायचे

पाच संघ, प्रत्येकी आठ. चिठ्ठ्या टाकून नव्हे. चिठ्ठ्यांत एका संघात सगळे पंचविशीतले येतात आणि दुसऱ्यात तीन गुडघेदुखीवाले. प्रत्येक संघात एक ज्येष्ठ, एक नकाशा वाचणारा, एक इंग्रजीत विचारायला न लाजणारा आणि एक हिशोब ठेवणारा असे आधी बसवा, उरलेले चार जण मग भरा. बारा वर्षांखालचे मूल आई किंवा वडिलांच्या संघातच. नवरा-बायकोला वेगळ्या संघात टाकायचे असेल तर आधी विचारा, टाकल्यावर खेळाला रंग चढतो हे खरे, पण काहींना ते नको असते.

संघ निघण्याच्या पंधरा दिवस आधी जाहीर करा आणि प्रत्येक संघाचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप करून त्यात एक परीक्षक घाला. शोधखेळाचे फोटो तिथेच येतील. एकच मोठा ग्रुप ठेवला तर पाच संघांचे फोटो, शुभ सकाळ आणि गावाकडचे निरोप यांत परीक्षक हरवून जातो.

शोधखेळाचा मार्ग

जुन्या बँकॉकमधला एक मार्ग नवख्यांना चांगला जमतो, कारण तो छोटा आहे, बहुतेक सपाट आहे आणि त्यात मेट्रो, बाजार, मंदिर, नदी असे चारही प्रकार येतात : सनाम चाय मेट्रो स्टेशन, पाक ख्लोंग फूल बाजार, वाट फो ('वाट' म्हणजे थाईत मंदिर), था तियेन धक्का, तिथून बोटीने पलीकडे वाट अरुण. हॉटेल सुखुमवित भागात असेल तर सुखुमवित स्टेशनवरून ब्लू लाइन थेट सनाम चायला येते, गाडी बदलावी लागत नाही. मोठी बस या भागात उभी करायला जागा मिळत नाही, म्हणून मेट्रोच बरी.

सकाळी साडेआठला सुरू करा, अकराला संपवा. मार्च ते मे उकाडा असह्य असतो, नंतर ऑक्टोबरपर्यंत पाऊस. प्रत्येकाकडे लिटरभर पाणी, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. मंदिरांत त्याशिवाय सोडत नाहीत. संध्याकाळचा वेश सकाळी घालायचा नाही, आणि मंदिराच्या आवारात लेझीम, नाच, घोषणा काहीही नाही. मूर्तीकडे पाय करून बसू नये, मूर्तीची पोज घेऊन फोटो काढू नये.

परीक्षक तीन हवेत : एक सनाम चायला, एक वाट फोच्या दारात, एक वाट अरुणला. खेळाडू नसलेले कुणी मिळत नसेल तर टूर मॅनेजर आणि दोन ज्येष्ठांना बसवा.

प्रश्न गुगलवर सापडतील असे ठेवू नका. 'वाट फोमधला निजलेला बुद्ध किती लांब?' विचारले तर बसमध्ये बसूनच ४६ मीटर असे उत्तर येते. जागेवर गेल्याशिवाय सुटणार नाही असेच काम द्या :

सनाम चायला राजदरबारासारख्या सजवलेल्या खांबांसमोर आठही जण एका चौकटीत हवेत, फोटो अनोळखी माणसाने काढलेला हवा. १० गुण.

फूल बाजारात 'फुआंग मालाई' म्हणजे मोगऱ्यासारख्या कळ्यांचा गुंफलेला हार एक, ५० बाटच्या (बाट हे थाई चलन) आत. विकणाऱ्याचे थाईत आभार मानतानाचा आवाज रेकॉर्ड करायचा. पुरुषाने 'खॉप खुन ख्रप', बाईने 'खॉप खुन खा'. उलट म्हटले तर अर्धे गुण. २० गुण. हा हार संध्याकाळच्या वेशात दिसला पाहिजे, तो ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, नुसता पिशवीत टाकला तर दुपारपर्यंत काळा पडतो.

वाट फोच्या दारांशी दगडी रखवालदार उभे आहेत. त्यातला उंच टोपी घातलेला पाश्चात्य पोशाखाचा शोधायचा आणि कुणीतरी एकाने वहीत त्याचे चित्र काढायचे. फोटो चालत नाही. चित्र काढायला पाच मिनिटे थांबावे लागते, तेवढ्यात ज्येष्ठांना बसायला मिळते, हा त्यातला छुपा हेतू. ३० गुण.

वाट अरुणच्या भिंती चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी सजवल्या आहेत. त्यात मूळ बशीचा अखंड गोल ओळखू येईल असे फूल शोधून त्याची नक्षी वहीत उतरवायची. ३० गुण. शिखराच्या उंच पायऱ्या चढण्यावर गुण ठेवायचे नाहीत, त्या फार उभ्या आहेत.

उरलेले १० गुण वेळेचे. अकराला आठही जण धक्क्यावर हजर असतील तरच मिळतील, एकही कमी असला तर शून्य. दर पाच मिनिटांच्या उशिराला ५ गुण वजा. पहिल्या येणाऱ्याला मात्र जादा काहीही नाही. वेगाला बक्षीस ठेवले की माणसे धावतात, रस्ता कसाही ओलांडतात आणि आजोबांना मागे सोडतात. याच कारणाने टुकटुक बंदी. तसेही राजवाड्याच्या परिसरात 'आज मंदिर बंद आहे, दुसरीकडे नेतो' म्हणून दागिन्यांच्या दुकानात नेऊन सोडणारे भेटतात. मंदिर बंद आहे की नाही, ते दारात जाऊनच ठरवायचे.

प्रत्येक संघाला एका लिफाफ्यात द्या : मेट्रो, बोट आणि प्रवेशाचे पैसे मोजून, फुलांसाठी ५० बाट वेगळे, थाई लिपीतले हॉटेलचे कार्ड, छापलेला नकाशा आणि टुरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर. रुग्णवाहिकेचा १६६९. किमान दोन फोनमध्ये तिथले इंटरनेट सुरू हवे. एका फोनवर विसंबले की नेमकी त्याचीच बॅटरी संपते.

वाट अरुणच्या आसपास पारंपरिक थाई पोशाख भाड्याने देणारी दुकाने आहेत आणि ते घालून फोटो काढणारे पर्यटक सगळीकडे दिसतात. हौस असेल तर खेळ संपल्यावर तासभर द्या. खेळात तो भाग घातला तर वेळेचा बट्ट्याबोळ होतो.

पाऊस पडला तर

हॉटेलच्या हॉलमध्ये दोन खेळ पुरतात. पहिला फेटा रिले : संघाला एक फेटा, पाच मिनिटांत एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर बांधायचा, मग त्याने दहा वेळा मान हलवायची. टिकला तर ३० गुण. दुसरा कागदी वेश : संघाला रद्दीचे बारा मोठे कागद आणि एक चिकटपट्टी, पंधरा मिनिटांत एका माणसाचा पूर्ण पोशाख. पाच संघांना साठ कागद, वजन जेमतेम किलोभर. हे न्यायला विसरू नका, तिथे मराठी रद्दी मिळत नाही.

पत्त्यांचा खेळ मात्र नको. थायलंडच्या जुन्या कायद्यानुसार परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगता येत नाहीत, म्हणजे तीन कॅट झाले की मर्यादा ओलांडली. २०१६ मध्ये पटायात ब्रिज खेळणाऱ्या परदेशी ज्येष्ठांना यावरूनच पोलिसांनी पकडले होते. पैसे लावून खेळणे तर नाहीच.

संध्याकाळ

दुपारी दोन ते पाच सक्तीची विश्रांती. साडेपाचला रंगरंगोटी, आणि तीही एकाच खोलीत नव्हे, संघागणिक एका खोलीत. साडेसातला हॉल असेल तर पावणेआठपर्यंत माणसे येत राहतात, हे गृहीत धरूनच पत्रिका बसवा.

मूक प्रसंग आठला सुरू, प्रत्येकी तीन मिनिटे आणि दोन मिनिटे बदलायला, म्हणजे पंचवीस मिनिटे. मग सगळ्यांचा फोटो, मग निकाल, आणि दारूचा काउंटर निकालानंतरच उघडायचा. या एका क्रमावर संध्याकाळ टिकते. आधी उघडला की चौथा संघ स्टेजवर जाईपर्यंत प्रेक्षक काउंटरपाशी असतात, आणि पाचव्या संघाचे दोन कलाकारही.

गुण पाचच बाबींवर, प्रत्येकी २० : वेश हाताने बनवला आहे का, थीमशी जुळतो का, आठही जण सामील आहेत का, फुलांचा हार कसा वापरला, आणि प्रसंग न बोलता कळला का. हार नुसता गळ्यात घातला तर कमी गुण. कुणी तो पदकासारखा लावेल, कुणी घोड्याची माळ करील, कुणी नायिकेच्या वेणीत गुंफील, ते पाहण्यात मजा आहे. परीक्षकांत एक तरी हॉटेलचा माणूस घ्या. बँक्वेट मॅनेजर आनंदाने बसतो, त्याला कुणाचे नातेवाईक कोण हे ठाऊक नसते.

डीजेला मराठी गाणी सांगून मिळत नाहीत. पेन ड्राइव्हवर क्रमाने नंबर घालून न्या, आणि तीच फाइल दुसऱ्या फोनमध्येही ठेवा. मूक प्रसंगासाठी शब्द नसलेली धून लागते, हलगीचा तुकडा, सनई किंवा पेटी. मोठ्या आवाजात ती एकदा सहा वाजता हॉलमध्ये वाजवून बघा.

बक्षिसे हलकी असावीत : पहिल्या संघाला फेटे बांधून सत्कार, दुसऱ्याला तिथल्याच बाजारातल्या छोट्या वस्तू. ट्रॉफी नेऊ नका, जाताना ती जड असते आणि येताना नकोशी.

परतल्यावर

ओला किंवा घामट वेश त्याच रात्री बंद पिशवीत कोंबू नका, एका रात्रीत फेट्याचा रंग पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. हँगरवर टाका, सकाळी रंगीत आणि पांढरे वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. भाड्याचे कपडे धुऊन न देता ड्रेपरीवाल्याला तसेच द्या, त्यांची धुण्याची पद्धत ठरलेली असते आणि घरी धुतलेल्या जरीचे नुकसान अनामतीतून कापले जाते.

वर्गणी माणशी ७०० ते ८०० रुपये गोळा केली तर कापड, रंग, लिफाफे आणि बक्षिसे भागतात. मंदिरांचे प्रवेश आणि मेट्रो वेगळे. बाटचा खर्च रुपयांत मांडताना ज्या दिवशी पैसे बदलले त्या दिवसाचाच दर लावा, घरी आल्यावरचा नव्हे. पावत्यांचे फोटो खजिनदाराच्या फोनवर एकत्र ठेवा आणि आठवड्याच्या आत हिशोब ग्रुपवर टाका. शिल्लक राहिली तर ती परत द्यायची की पुढच्या टूरसाठी ठेवायची, हे निघण्याआधीच विचारून ठेवलेले बरे.